सोडला का, अहिरे?

अहिरे चहाचा कप उचलताना "धरला" म्हणत आणि पिऊन झाल्यावर "सोडला" म्हणत. मोठ्याने नाही, पण शेजारच्याला ऐकू जाईल इतपत. कप नुसता टेबलावर ठेवला म्हणजे सोडला, असं त्यांच्याकडे नव्हतं. बोलायला, चष्मा पुसायला किंवा उगीच खिडकीबाहेर बघायला ते मध्येच कप खाली ठेवत, तेव्हा त्यांच्या लेखी तो धरलेलाच असे. तोंडाने "सोडला" म्हणेपर्यंत त्या कपावर दुसऱ्या कुणाचा अधिकार नाही.

हे आमच्या कँटीनच्या सुलभाताईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. अहिरे नवीन होते तेव्हाची गोष्ट. ते हात धुवायला गेले आणि ताईंनी तळाशी घोटभर चहा असलेला कप उचलून विसळून टाकला. अहिरे परत येऊन जागेवर बसले. टेबलावरच्या ओल्या गोल डागाकडे बघत राहिले. अहिरे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलत, पण मनाला काही लागलं की त्यांची अहिराणी बाहेर येई.

"ताई, तो कप कोना हातमा व्हता?"

सुलभाताई घोटीच्या. त्या म्हणाल्या, "कुनाच्या हातात? टेबलावर व्हता."

"टेबलावर होता. पण मी सोडला नव्हता."

"मंग तसं सांगायचं ना भाऊ. मला काय सपान पडतंय?"

"सांगणारच होतो," अहिरे म्हणाले. "सोडल्यावर."

ताई पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कप उचलण्याआधी त्या विचारू लागल्या, "अहिरेभाऊ, सोडला का?" मग सगळी कँटीन विचारू लागली. पुढे पुढे तर अहिरे टेबलावर नसले तरी आम्ही एकमेकांना विचारून मगच कप उचलायचो. पाहुणे आले की त्यांना वाटे, हा इथला काहीतरी धार्मिक प्रकार असावा.

आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत होती. फार मोठी नव्हती. ग्राइंडिंग मशीनवर घासल्या जाणाऱ्या लोखंडी कड्यांची जाडी मोजणारं एक उपकरण, म्हणजे गेज, आम्ही बनवायचो. ते गेज केबलने संगणकाला जोडायचं आणि संगणकाने मशीनला सांगायचं, अजून घास किंवा बस झालं. आता संगणकाला या गेजची भाषा काय कळणार? दोघांच्या मध्ये बसून बोलणं करून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहिण्याचं काम अहिऱ्यांचं. मी त्या विभागाचा प्रमुख, त्यामुळे अहिरे माझ्या हाताखाली होते. मला ते "दीक्षितसाहेब" म्हणत, मी नुसतं "अहिरे" म्हणायचो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याची मुख्य काळजी काय असते, हे मला अहिऱ्यांमुळे कळलं. संगणकाच्या स्मृतीत जागा मर्यादित. कुठल्याही कामासाठी जागा घ्यायची, काम झालं की परत करायची, मग ती दुसऱ्याला मिळते. साधा प्रोग्राम यात चुकला तर तो एकटा मरतो. ड्रायव्हर चुकला तर अख्खा संगणक घेऊन बुडतो, कारण तो पार आतल्या खोलीत बसलेला असतो. म्हणून प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारत राहायचं: ही आत्ता कुणाकुणाच्या हातात आहे? सगळ्यांनी सोडली असेल तरच ती मोडायची. एकानेही धरलेली असेल तर हात लावायचा नाही.

अहिऱ्यांनी दिवसभर हेच केलं आणि ते त्यांच्या अंगात भिनलं. किंवा ते जन्मापासूनच असे असावेत आणि धंदा त्यांना बरोब्बर मिळाला असावा. "कोना हातमा शे?" हा प्रश्न ते स्क्रू-ड्रायव्हरबद्दल विचारत, मीटिंगच्या खोलीबद्दल विचारत, आणि एकदा तर मालकांबद्दल विचारला होता. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. शेठ कुणाशी तरी फोनवर बोलत होते आणि अहिऱ्यांना त्यांची सही हवी होती.

मीटिंगच्या खोलीवरून एक नियमच झाला. आमचे खरेदी विभागाचे कुलथे काटकसरी होते. मीटिंगमधून ते सगळ्यात आधी निघत आणि जाताना पंखा बंद करत. मागे आम्ही पाचसहा जण घामाघूम. अहिऱ्यांनी दारावर कागद चिकटवला: शेवटचा निघणारा पंखा बंद करतो. पहिला निघणारा नाही.

कुलथे चिडले. "आणि शेवटचा विसरला तर?"

"तीपण चूकच आहे," अहिरे शांतपणे म्हणाले. "रात्रभर पंखा रिकाम्या खोलीला वारा घालणार. ती गळती. पण कुलथेसाहेब, गळतीने वीज जाते. तुमच्या चुकीने माणसं जातात."

"कोण गेलं?"

"मी गेलो असतो. मे महिना होता."

नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येक इंजिनिअरला ते एक गोष्ट सांगत आणि ती माझ्या आत्याची होती. ती मीच त्यांना डबा खाताना सांगितली होती आणि मग ती माझी राहिली नाही.

आमचं घर पंचवटीतलं. घराण्याचं काम यात्रेकरूंचे विधी सांगण्याचं. यजमान गावोगावहून येत, त्यांना उतरायला वरच्या मजल्यावर खोल्या होत्या आणि त्या देण्याचं काम आत्याकडे होतं. एकदा एक यजमान रामकुंडावर स्नानाला गेले. चोरीच्या भीतीने सगळं सामान बरोबर घेऊन गेले. आत्याने खोलीत डोकावून पाहिलं, सामान नाही. तिला वाटलं, गेले. तिने खोली झाडून दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकली. थोड्या वेळाने पहिले गृहस्थ ओलेत्याने परत आले. डोळे अर्धवट मिटलेले, तोंडात स्तोत्र. सवयीने सरळ खोलीत शिरले, खुंटीवर ओलं धोतर टाकलं, खिडकीतल्या डब्यातून एक लाडू काढून तोंडात टाकला. खुंटीवर नव्या माणसाचा लोकरी कोट होता. लाडू नव्या माणसाच्या सासूने दिलेले होते. मग जे भांडण झालं त्यात गंमत अशी, की दोघंही खरं बोलत होते. दोघंही म्हणत होते, खोली माझी.

"आत्या कुठं चुकली?" अहिरे नव्या मुलांना विचारत.

मुलं काहीतरी सांगत. कुलूप लावायला हवं होतं, आगाऊ पैसे घ्यायला हवे होते.

"नाही. खोली मोकळी आहे का, हे तिने सामानाला विचारलं. माणसाला विचारायला पाहिजे होतं. तो परत येणार होता." मग माझ्याकडे बोट करून म्हणत, "साहेबांची आत्या. फार मोठी बाई. संगणक नसताना तिने ही चूक करून दाखवली."

त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, हे सगळं घरात कसं सोसलं असेल असं आम्हाला वाटे. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो तेव्हा मी विचारलंही. कुसुमताई भाकरी थापत होत्या.

"लग्नात माझा हात यांच्या हातात दिला," त्या म्हणाल्या, "तर हे म्हणाले, धरला. भटजी म्हणाले, अहो, तसं म्हणायचं नसतं. हे म्हणाले, मग मोजणार कसं?"

"आणि मग?"

"मग काय. अजून सोडला म्हणालेले नाहीत, एवढंच." अहिरे ताटात मान घालून जेवत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

इथवर जे लिहिलं ते आमच्या जुन्या मंडळींपैकी कुणीही लिहू शकलं असतं. आता जे लिहितो ते फक्त मी लिहू शकतो.

सिन्नरच्या एका कारखान्याची मोठी ऑर्डर यायची होती. ती आली नसती तर आमची कंपनी चालणं अवघड होतं. त्यांचे अधिकारी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा सगळं आवडलं, एक गोष्ट सोडून. मशीन साफ करताना ऑपरेटर गेजची केबल काढतो. आमच्या संगणकाची केबल काढली, की काही वेळा स्क्रीन काही सेकंद गोठायचा आणि मग चालू व्हायचा. ते म्हणाले, आमचा माणूस एवढा थांबणार नाही. तो समजेल बंद पडला आणि बटण दाबून मोकळा होईल.

ते गेल्यावर शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. "अहिरे, ते थांबणं घालवा."

"ते घालवता येत नाही, शेठ. तो परत यायचा असतो."

"कोण?"

"टायमर."

टायमर म्हणजे ड्रायव्हरचा एक हरकाम्या. दर थोड्या क्षणांनी जागा होतो, गेजकडे जातो, माप विचारतो आणि ते स्मृतीतल्या त्याच्या ठरलेल्या जागेत आणून ठेवतो. तो नेमका गेजपाशी उभा असताना केबल काढली, तर त्याला उत्तर मिळणार नसतं. पण हे त्याला लगेच कळत नाही. तो ठरलेला वेळ वाट बघतो आणि मग माप म्हणून काहीतरी वेडंवाकडं हातात घेऊन परत येतो. अहिऱ्यांच्या ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती. त्या ओळीवर संगणक थांबायचा. टायमर घरी आला की पुढच्या ओळीवर त्याची जागा मोकळी करायचा.

"मग त्याला बाहेर काढा की," शेठ म्हणाले.

"बाहेरच गेलाय. आत यायचाय."

"नाही आला तर?"

"येतो, शेठ. थोडं थांबलं की येतो."

शेठनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला.

पुढचं प्रात्यक्षिक ठरलं तेव्हा अहिरे सटाण्याला गेले होते. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनमध्ये असताना मी त्यांच्या संगणकावर बसलो आणि ती थांबायची ओळ काढून टाकली. एकच ओळ. केबल काढून पाहिली. स्क्रीन क्षणभरही अडला नाही. पुन्हा पुन्हा काढून पाहिली. काही बिघडलं नाही. टायमर दर वेळी बाहेर असतोच असं नाही ना. बहुतेक वेळा तो घरीच असतो.

प्रात्यक्षिक झालं, ऑर्डर मिळाली, शेठनी पेढे वाटले. ओळ परत घालू, असं मी मनाशी म्हणत होतो. पण परत घातली तर थांबणं परत येणार आणि गिऱ्हाईक विचारणार. माल सिन्नरला गेला, त्या ओळीशिवाय.

काही महिने बरे गेले. मग एक दिवस तिथल्या ऑपरेटरने केबल काढली तेव्हा टायमर बाहेर होता. संगणकाने त्याची जागा मोकळी केली आणि पुढच्या कामाला दिली. त्या जागेत आता पुढच्या मालाचं माप लिहिलेलं होतं. टायमर परत आला आणि नेहमीच्या सवयीने, हातात जे काही वेडंवाकडं होतं ते तिथं ठेवून दिलं. ओलं धोतर दुसऱ्याच्या कोटावर. मशीनने ते माप खरं मानलं आणि पाळीभर कडी घासत राहिलं. सगळा माल बाद झाला. कारखान्याने आमची उपकरणं काढून गेटबाहेर ठेवली.

मीटिंगच्या खोलीत शेठ, मी, कुलथे आणि अहिरे. पंखा चालू होता. अहिरे सकाळपासून आपल्या संगणकासमोर बसून होते आणि तिथून उठून आले होते, म्हणजे ती ओळ नाही हे त्यांनी पाहिलेलं असणार.

"ड्रायव्हर कुणाचा?" शेठनी विचारलं.

"माझा," अहिरे म्हणाले.

"थांबणं घालवता येत नाही म्हणत होतात. मग कुणी घालवलं?"

मी टेबलाकडे बघत होतो. अहिऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"ड्रायव्हर माझ्या हातात होता," ते म्हणाले. "गावाला जाताना मी सोडला म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे तो माझ्याच हातात होता."

त्यांच्या नियमाने हे अगदी बरोबर होतं. शेठना ते वेड्यासारखं वाटलं आणि कबुलीसारखंही. त्यांनी अहिऱ्यांना ड्रायव्हरच्या कामावरून काढलं आणि उपकरणाबरोबर देतात ती माहितीपुस्तकं लिहायला बसवलं. निघताना मी, शेठ आणि कुलथे आधी बाहेर पडलो. मागे पंख्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. संध्याकाळी मी बघितलं तर ड्रायव्हरमध्ये ती ओळ परत जागेवर होती. जाता जाता अहिऱ्यांनी तेवढं केलं होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी ड्रायव्हर लिहिला नाही. माहितीपुस्तकं लिहिली आणि तीही त्यांच्या पद्धतीची. "केबल काढण्यापूर्वी कुणाचं काम चालू आहे का ते विचारावे. उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर न आल्यास आणखी थांबावे." गिऱ्हाइकं ती वाचून हसत. आम्हीही हसायचो.

त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न झालं. पुण्याचं स्थळ, नोकरीधंद्याची बारीक चौकशी करणारी माणसं. मंगलाष्टकं म्हणताना अंतरपाट धरायला एका बाजूला मुलाचे काका होते आणि आमच्या बाजूचा ऐन वेळी कुणी सापडेना, तेव्हा जवळ उभ्या असलेल्या अहिऱ्यांच्या हातात मी टोक दिलं. ते "धरला" म्हणाले. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, ताशे सुरू झाले, मुलाच्या काकांनी आपलं टोक सोडलं. अहिरे मात्र आपलं टोक छातीशी घट्ट धरून उभे. गुरुजी ओढतायत, अहिरे सोडत नाहीत. मुलगी हार हातात घेऊन थांबलेली, मांडवात हशा. अहिरे गर्दीत मला शोधत होते. त्यांना टोक मी दिलं होतं ना. मी लांबून ओरडलो, "अहिरे, सोडा." तेव्हा म्हणाले, "सोडला," आणि घडी करून कापड गुरुजींच्या हातात दिलं. लग्नातली सगळ्यात मोठी गंमत म्हणून हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. त्यांच्याकडे बघताना मला ती मीटिंगची खोली आठवली होती, ते सांगत आलो नाही.

त्यांच्या निरोपसमारंभात भाषण मीच केलं. म्हणालो, "अहिऱ्यांनी आम्हा सगळ्यांना धरायला शिकवलं आणि एकदाच स्वतःचा हात सुटू दिला." सगळे हसले. अहिरेही हसले. पहिल्या रांगेत कुसुमताई होत्या. त्या हसल्या नाहीत, आणि रागावल्याही नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, एखादा माणूस काही बोलेल म्हणून वाट बघावी तसं. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे. म्हणजे अहिऱ्यांनाही.

मी काही बोललो नाही. कुसुमताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. पंचवटीतल्या अमरधाम स्मशानात मी गेलो होतो. अहिरे शेवटपर्यंत त्यांच्या पायाशी उभे होते. ते काही म्हणाले नाहीत आणि कुणी त्यांना काही विचारलं नाही.

आता कंपनीही राहिली नाही. जुन्या लोकांनी एकत्र जमायचं ठरवलं आहे आणि त्या वेळी वाटायला एक छोटा अंक काढायचा आहे. सुलभाताईंचा मला फोन आला. "साहेब, अहिरेभाऊंवर तुम्हीच लिवा. गमतीचं. तुमच्याइतकं त्यांना कोन वळखतं?"

मी हो म्हटलं. आणि हे गमतीचं लिहिण्याआधी एका दुपारी अहिऱ्यांकडे गेलो.

पाथर्डी फाट्याजवळ त्यांचं घर आहे. एकटेच राहतात. दाराशी खिळ्यांची पाटी, त्यावर इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या किल्ल्या. "लोक ठेवतात," ते म्हणाले. "घेऊन जाताना सांगून जातात." त्यांनी चहा केला. पंखा लावला. समोरासमोर बसलो. त्यांनी कप उचलला, "धरला" म्हणाले. मीही सवयीने म्हटलं.

टेबलावर एक जुना संगणक होता आणि त्याला आमचंच गेज जोडलेलं. मी बघतोय हे पाहून अहिरे म्हणाले, "लिहितो मधूनमधून. हात चालता राहतो. केबल काढा बरं."

मी केबल काढली. स्क्रीन गोठला. आम्ही दोघं बघत बसलो. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग स्क्रीनवर मराठीत एक शब्द आला: सोडलं.

"बघा," अहिरे म्हणाले. "आला की नाही परत."

तो तेवढा वेळ मला पुरला. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. वाटेत जुळवलेलं काही आठवलं नाही. म्हटलं, "अहिरे, ती ओळ मी काढली होती."

"माले ठाऊक शे," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमच्या हातात तेव्हा बरंच काही होतं. पोरीची तारीख ठरलेली. पुण्याची माणसं चौकशीला ऑफिसातही येऊन गेलेली. त्या दिवशी तुमची नोकरी गेली असती, तर सगळंच एकदम खाली आलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या हातात काय, एक ड्रायव्हर होता."

"तेच तर तुमचं होतं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "होतं खरं," म्हणाले. "ते जायला नको होतं."

त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. मी म्हटलं, मी हे लिहिणार आहे, अंकात, सगळ्यांसमोर. मला वाटलं नको म्हणतील.

"लिहा," ते म्हणाले. "माझं काय ते तुम्ही बघा. पण टायमरचं नीट लिहा. लोक उलटं सांगतात. आधी थांबायची ओळ, मग जागा मोकळी करायची ओळ. क्रम चुकवू नका."

म्हणून वर तो क्रम मी दोनदा तपासून लिहिला आहे.

"इतकी वर्षं तुम्ही हे धरून बसलात," मी म्हणालो.

"मी कुठं? मी त्या संध्याकाळी ओळ परत घातली, तिथंच सोडलं." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "धरून तुम्ही होता. तुमच्याकडून सोडला असं आलं नव्हतं, म्हणून ते राहिलं होतं. आज आलं."

बाहेर उन्हं उतरली होती. माहेरी आलेली मुलगी घरी वाट बघत असेल म्हणून मी उठलो आणि जाताना कप आत ठेवावेत म्हणून हात पुढे केला. माझा कप रिकामा होता. अहिऱ्यांचा कप तसाच, अर्धा, चहावर साय आलेली.

सुलभाताईंची आठवण झाली. मी विचारलं, "सोडला का, अहिरे?"

त्यांनी कपाकडे पाहिलं. "नाही अजून."

"गार झालाय."

"असू द्या. सोडला की उठावं लागेल दोघांना."

ते माझ्याकडे बघत नव्हते. वर पंख्याकडे बघत होते. मी परत खुर्चीत बसलो. माझा रिकामा कप पुन्हा उचलून हातात घेतला.

"धरला," मी म्हणालो.

अहिऱ्यांनी मान हलवून नोंद घेतली.